आप्पा इज की आर

आमच्या घरी आप्पा 'यायचे', आई 'यायची' आणि म्हैसही 'यायची'. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. आप्पा म्हणजे माझे वडील. न्हावऱ्याच्या दूध संकलन केंद्राचा कारभार त्यांच्याकडं होता. सकाळ-संध्याकाळ किटल्या घेऊन येणारं अर्धं गाव त्यांना 'आप्पा, घ्या', 'आप्पा, बघा' म्हणायचं आणि ते वारं तसंच घरात यायचं. आप्पा दुपारी खाटेवर आडवे झाले की आम्ही 'आप्पा झोपल्यात' असं कुजबुजायचो. ते घोरायला लागले तरी 'आप्पा घोरत्यात'. आईला मात्र आम्ही पोरं 'अगं आई' म्हणायचो, आजी 'ए पोरी' म्हणायची आणि आप्पा तर नुसतंच 'ऐकलं का' म्हणून मोकळे व्हायचे. क्रियापद कुणाला कुठलं लावायचं हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. केंद्रातल्या किटल्यांचा खडखडाट आणि गोठ्यातल्या कडबाकुट्टीची घरघर जशी कानात बसली होती तसंच तेही बसलं होतं.

इंग्रजीत माझा घात झाला तो इथंच. शिरूरच्या कॉलेजातून मी बी.कॉम. झाले आणि बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेला बसले. गणित उत्तम, बुद्धिमत्ता चाचणी उत्तम, इंग्रजीत नापास. त्या परीक्षेत इंग्रजीत वेगळं पास व्हावं लागायचं, त्यामुळे बाकीच्या उत्तमाला काही अर्थ नव्हता. आप्पांनी मला दोन परीक्षांचा शब्द दिला होता. दोन्हीत गेलीस तर केंद्रात माझ्याशेजारी बसायचं, मशिनवर दुधाचं फॅट मोजायचं आणि मग पुढं जे व्हायचं ते होईल, असा तो सौदा होता. मला दुधाचं वावडं नव्हतं, पण जन्मभर आप्पांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचं म्हणजे जन्मभर आप्पांच्या आवाजाच्या पट्ट्यात राहायचं, आणि तो पट्टा फार लांबवर जायचा. एक परीक्षा गेली होती, एक राहिली होती.

दौंडच्या शेख गार्डांचं नाव आम्हाला आमच्याच केंद्राच्या टेम्पोवाल्यानं सुचवलं. त्याच्या मेहुण्याला त्यांनी रेल्वेत लावलं होतं, म्हणजे लावलं नव्हतं, इंग्रजीत पास केलं होतं. शेख मालगाडीवर गार्ड होते आणि निवृत्त होऊन रेल्वे कॉलनीच्या मागं एका बैठ्या घरात राहत होते. ओसरीवर सात-आठ पोरं बसायची. सगळे त्यांना गार्डचाचा म्हणायचे. त्यांचं इंग्रजी पुस्तकातलं नव्हतं. तीस-पस्तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं बसून रोजचा अहवाल इंग्रजीत लिहायचा, आणि त्यात चूक झाली की साहेब लाल शाईनं तो परत पाठवायचा, त्यातून ते तयार झालं होतं. आठवड्यातून दोनदा मी दोन एसट्या बदलून दौंडला जायचे. चाची आतून चहा आणि खारी पाठवायच्या. खारी चहात बुडवली की अर्धी कपात पडायची, आणि ती चमच्यानं काढेपर्यंत स्टेशनावरून कुठल्या तरी गाडीच्या उशिराची घोषणा ऐकू यायची.

पहिल्या दिवशी चाचांनी माझी गेल्या परीक्षेतली उत्तरं विचारली. मला आठवत होती तेवढी मी सांगितली. कलेक्टर आर, प्रिन्सिपल आर, डॉक्टर आर, माय फादर आर. चाचांनी चष्मा काढला.

"कलेक्टर किती?"

"एक."

"मग आर कशाला?"

"कलेक्टर आहेत ते, चाचा. कलेक्टर आहे कसं म्हणायचं?"

"आणि देव?"

"देव इज," मी म्हणाले. देव पावला, देव कोपला, त्यात काही शंका नव्हती.

चाचा बराच वेळ स्टेशनाकडं बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे देवाला इज आणि तलाठ्याला आर."

ओसरीवरची सगळी पोरं हसली. मीही हसले, पण मनात म्हटलं, तलाठ्याला एकेरीत बोलून बघा आणि मग सातबारा मागायला जा. पुढचा प्रश्न पोलिसांचा होता. मी 'पोलीस आर' म्हणाले आणि ते बरोबर निघालं. चाचा खूश झाले, म्हणाले, शाबास, पोलीस हा शब्द इंग्रजीत अनेकवचनीच चालतो, तुला कसं कळलं? मी म्हणाले, भीतीनं. ते ऐकून त्यांनी शाबासकी परत घेतली.

चाचांची शिकवण्याची रीत गाडीची होती. वाक्य म्हणजे मालगाडी, कर्ता म्हणजे इंजिन, क्रियापद म्हणजे शेवटचा गार्डाचा डबा. मधे कितीही वॅगनी जोडा, गार्ड ऐकणार ते इंजिनाचं, शेजारच्या वॅगनीचं नाही. 'द बॅग ऑफ अनियन्स' असं आलं की मी हमखास आर म्हणायचे, कारण कांदे पुष्कळ. चाचा म्हणायचे, "पोत्याकडं बघ, कांद्याकडं बघू नको." मी म्हणायचे, "पण वजन कांद्याचंच असतंय ना." आमच्याकडं पोतं कुणी मोजत नाही, कांदे मोजतात. चाचा म्हणाले, "बँकेत जायचंय का मार्केट यार्डात?" तेव्हापासून मी पोत्याकडं बघायला लागले. तसंच त्या 'एस'चं. नामाला एस लागला की अनेकवचन आणि क्रियापदाला एस लागला की एकवचन, हा काय उफराटा न्याय आहे हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. चाचा म्हणाले, एस एकच आहे असं समज, हिरव्या झेंड्यासारखा. एक तर कर्त्याच्या हातात, नाहीतर क्रियापदाच्या, दोघांच्या हातात एकदम नाही. बॉय रन्स, बॉईज रन. आमच्या घरात मोबाईल एकच होता आणि तो आप्पांच्या खिशात असला की आमच्या कुणाच्या हातात नसायचा, त्यामुळे हे मला लगेच पटलं.

हल्ली माझी भाची मोबाईलवर हाच अभ्यास करते. चुकलं की स्क्रीनवर लाल फुली येते आणि बरोबर आलं की फुगे उडतात. मी तिला विचारलं, का चुकलं ते सांगतो का हा? ती म्हणाली, आत्या, का कशाला पाहिजे, पुढचा प्रश्न येतो ना. पण कुणीतरी चष्मा काढून स्टेशनाकडं बघत बसल्याशिवाय चूक आपली आहे असं मला तरी वाटलं नसतं.

बाकी सगळं सुधारलं, आदराचं काही सुटेना. कलेक्टर, डॉक्टर, प्रिन्सिपल एकेक करून एकेरीत आले, पण 'फादर' म्हटलं की माझ्या तोंडून आर निघायचंच. शेवटी चाचांनी उपाय सांगितला. घरी सराव करताना प्रत्येक वाक्याचं मराठी करायचं आणि मराठीतही एकेरीच बोलायचं, म्हणजे कानाला सवय होईल. कलेक्टर आला. डॉक्टर गेला. बाप आला. मी गोठ्यात शेण काढताना, म्हशींना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, हे म्हणायला लागले. पहिल्या दिवशी जीभ अडखळली, पण आठवड्याभरात वळली. मला वाटलं, जिंकलं.

त्याच आठवड्यात शिरूरहून डेअरीचे एक साहेब केंद्र बघायला आले. संध्याकाळची वेळ, दूध घालणाऱ्यांची रांग, साहेबांसाठी मागवलेला पेशल चहा. साहेबांनी सहज विचारलं, मुलगी काय करते? आप्पांना तेवढंच पाहिजे होतं.

"इंग्रजी शिकतीया. दौंडला जाती, आठवड्यातनं दोनदा. सवू, म्हणून दाव की सायबांना."

मी उभी राहिले आणि जे तोंडपाठ होतं ते म्हटलं. 'माय फादर इज अ फार्मर. ही हॅज फोर बफलोज.' साहेब म्हणाले, वा. रांगेतले लोकही वा म्हणाले. आप्पांची मान ताठ झाली.

"आता मराठीतबी सांग," ते म्हणाले. "हितल्या मंडळींना कळाय नको?"

आणि गोठ्यातली सवय तोंडातून बाहेर पडली. मी खणखणीत आवाजात म्हणाले, "माझा बाप शेतकरी आहे. त्याला चार म्हशी आहेत."

फॅटचं मशिन तेवढं घुर्र करत होतं. रांगेत पुढंच भिकूतात्या होते, आमच्या वाडीतले सगळ्यात म्हातारे आणि सगळ्यात खोडकर. ते किटली खाली ठेवून म्हणाले, "त्येला चार म्हशी हायत, पर पोरगी येकच हाय, ती बरी." मग रांग हसली. साहेबांनी चहाच्या कपात तोंड घातलं. आप्पा हसले नाहीत.

त्या रात्री आप्पा जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात येऊन भिकूतात्यांनी मुद्दाम हाक मारली, "बाप हाय का घरात?" तिसऱ्या दिवशी टेम्पोवाल्यानं तेच केलं. आठवड्याभरात न्हावऱ्यातल्या कुठल्याही टवाळानं आमच्या दारावरून जावं आणि बाप हाय का विचारावं, अशी रीतच पडली. आप्पांनी मला समोर बोलावलं.

"दौंड बंद."

"आप्पा, परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय."

"परीक्षाबी बंद. बापाला एकेरी बोलायला शिकायचं असंल तर त्यासाठी दौंडला जायची गरज न्हाई, ते हितंबी शिकता येतंय. सोमवारपासनं केंद्रात बसायचं."

मी रडले. अगदी खरं सांगायचं तर मी रागानं रडले, कारण तीन आठवड्यांत मी पास होणार हे मला ठाऊक होतं आणि अडलं होतं ते एका 'हाय'वर. चुलीपाशी आई भाकरी थापत होती. सोबत कांद्याची पात होती, तिचा वास मला आजही त्या दिवसाची आठवण देतो. आईनं मला थोडा वेळ रडू दिलं आणि मग विचारलं, "नेमकं काय गं हाय ते? नीट सांग मला."

मी सांगितलं. एक माणूस असला की इज, पुष्कळ असले की आर, मानाबिनाचा संबंध नाही.

"मग तुझ्या आप्पांना काय म्हणत्यात?"

"इज."

"आन् मला?"

"तुलाबी इज."

तिचा हात परातीत थांबला. "म्हंजी दोघांना सारखंच?"

"सारखंच."

तिनं भाकरी उचलून तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि जरा वेळानं म्हणाली, "बरी दिसतीया भाषा."

मग संध्याकाळी आप्पांच्या ताटात वाढता वाढता ती एवढंच म्हणाली, "हितं बसून रागवून काय कळणार? त्या गार्डालाच जाऊन इचारा की, आमच्या पोरीला हे काय शिकवलं म्हून." आईनं आप्पांना भांडायला पाठवलं असं त्या दिवशी मला वाटलं. आईला आप्पा पक्के माहीत होते. ते भांडायला गेले की समोरच्याचं ऐकूनही घ्यायचे, घरी बसले की कुणाचंच ऐकायचे नाहीत.

शनिवारी आप्पा धुतलेला पायजमा आणि कडक टोपी घालून माझ्यासोबत दौंडला आले. ओसरीवर पोरं बसली होती, ती आप्पांकडं बघून भिंतीला सरकली. चाचांनी खुर्ची दिली. आप्पा खुर्चीच्या कडेवर बसले.

"गार्डसाहेब, पोरगी तुमच्याकडं शिकायला धाडली. तिनं चार माणसांत मला बाप हाय म्हणलं."

"इंग्रजीत?"

"मराठीत. पर मूळ तुमच्या इंग्रजीत हाय."

चाचांनी मान हलवली, नाकबूल केलं नाही. "आप्पा, एक विचारू? गावात लोक तुम्हाला काय म्हणतात?"

"आप्पा म्हणत्यात. दुसरं काय?"

"ते समोर. पाठीमागं?"

आप्पांनी टोपी सारखी केली. ओसरीवरच्या पोरांनी हसू दाबायला वह्यांत तोंडं घातली.

"मी सांगतो," चाचा म्हणाले. "म्हणतात, आप्पा लई कडक आहे. आप्पा दुधाला नावं ठेवतो. म्हणतात की नाही?"

"म्हणत असतील येखाद्या वक्ताला," आप्पा नाइलाजानं म्हणाले.

"इंग्रजीचंही तसंच. पाठीमागं सगळे एकेरी. तुम्ही इज, कलेक्टर इज, रेल्वेचा सगळ्यात मोठा साहेबसुद्धा इज. मी आयुष्यभर अहवालांत त्याचा उल्लेख केला, एकदाही आर लिहिलं नाही आणि त्यानं राग मानला नाही. पण समोर आला की मग? यू आर. आर म्हणजे अनेकवचन. इंग्रजीत तू नाहीच, आप्पा. पूर्वी होतं, त्यांनी टाकून दिलं. आता समोरच्या कुणालाही तुम्हीच म्हणतात. तुम्हाला यू आर, मला यू आर, या पोरांना यू आर." मग त्यांनी अंगणातल्या कडुनिंबाखाली झोपलेल्या कुत्र्याकडं बोट केलं. "त्यालाही यू आर."

आप्पांनी कुत्र्याकडं बघितलं. कुत्र्यानं एक डोळा उघडला.

"कुत्र्याला तुम्ही?"

"तुम्ही."

आप्पांनी बराच विचार केला. मग खुर्चीत मागं सरकून नीट बसले. "म्हंजी तोंडावर तुम्ही, आन् पाठ फिरली की एकेरी."

"बराबर."

"मग ह्ये आमच्या न्हावऱ्यासारखंच हाय की," आप्पा म्हणाले, आणि आतून आलेला चहा त्यांनी घेतला. खारीही घेतली. ती कपात पडली, तेव्हा चाचांनी स्वतः उठून चमचा आणून दिला.

येताना एसटीत आप्पा एवढंच म्हणाले, "मराठी करून दावायची न्हाई कुणाला. इंग्रजी तिथंच ठेवायची." माझा वर्ग चालू झाला. घरात मात्र वेगळाच ताप सुरू झाला. आप्पांनी 'यू आर'चं वेड घेतलं. दूध घालायला आलेल्याला ते इंग्रजीतलं गुपित सांगायचे आणि दाखला म्हणून म्हशीलाही 'तुम्ही सरका' म्हणायचे. म्हैस सरकायची नाही, मग ते परत जुन्या भाषेत यायचे आणि ती सरकायची.

परीक्षा पुण्यात होती. आप्पा बरोबर आले. शाळेच्या फाटकाबाहेर इतर मुलांचे वडील उभे होते, आणि मी वर्गात जाऊन खिडकीतून बघेपर्यंत आप्पांनी त्यांतल्या पाच-सहा जणांना गोळा करून दुधाच्या भावावर बोलायला सुरुवातही केली होती. इंग्रजीच्या भागात मधेच कुठंतरी तो प्रश्न आला. 'द ओल्ड मॅन, अलाँग विथ हिज फ्रेंड्स', मग रिकामी जागा, 'स्टँडिंग अॅट द गेट'. म्हातारा आपल्या मित्रांसह फाटकाशी उभा आहे. मी पेन्सिल ठेवली. खिडकीतून म्हातारा दिसत होता, मित्र दिसत होते, फाटकही दिसत होतं. एक तर वडीलधारं माणूस, त्यात भोवती घोळका. सगळं शरीर आर म्हणत होतं. मी डोळे मिटले आणि वॅगनी सोडवायला घेतल्या. अलाँग विथ हिज फ्रेंड्स, सगळं सोडवून बाजूच्या रुळावर ढकललं. इंजिन तेवढं राहिलं, टोपी घातलेलं, एकटं. मनात 'माफ करा आप्पा' म्हणाले आणि इजचा गोल काळा केला. पुढचे प्रश्न मग भराभर सुटले.

निकालाचं पत्र यायला बरेच दिवस गेले. ते आलं तेव्हा पोस्टमननं घरी न देता केंद्रातच आणून दिलं, कारण त्यालाही दूध घ्यायचं होतं. संध्याकाळची रांग होती. आप्पांनी पाकीट फोडलं नाही. भावाला पाठवून मला बोलावून घेतलं आणि हात टॉवेलला पुसून पाकीट माझ्या हातात दिलं. मी वाचायला लागले, 'डिअर कँडिडेट, यू आर...'

"थांब," आप्पा म्हणाले. "काय म्हणलीस? यू आर?"

"व्हय आप्पा. यू आर सिलेक्टेड. मी पास झाले. नोकरी लागली."

आप्पांनी नोकरीचं ऐकलं की नाही कोण जाणे. ते रांगेकडं वळले. "बगा. बँकेनं आमच्या सवूला तुम्ही म्हणलंय. कागदावर. छापून."

रांगेतून कुणी वा म्हणालं, कुणी पेढे म्हणालं. भिकूतात्या किटली घेऊन पुढंच उभे होते. ते म्हणाले, "मग आप्पा, आता तुमालाबी तिला तुम्हीच म्हणावं लागतंय. बँक म्हणती म्हंजी."

सगळे आप्पांकडं बघायला लागले. मीही. आप्पांनी भिकूतात्यांच्या हातातून किटली घेतली.

"बँक म्हणू दे," ते म्हणाले. "मी तिचा बाप हाय."

रांगेतलं कुणी हसलं नाही. आप्पांनी दुधाचा नमुना मशिनला लावला, आकडा आला, पण ते बघतच राहिले. टॉवेलनं डोळे पुसले, परत वाकून बघितलं, आणि मग मशिनपासून बाजूला झाले.

"सवू," ते म्हणाले, "बघ गं जरा, किती आलंय. मला दिसंना."

मी पत्र कमरेला खोचलं आणि भिकूतात्यांच्या दुधाचं फॅट मोठ्यानं वाचून दाखवलं.